बोर्ड लावल्यावर वाढलेला ढीग

मापाचा स्टाफ मी तिसऱ्यांदा उभा करायला लावला. आकडा तोच आला. चौदा फूट दोन इंच.

माझ्या हातात चार वर्षांपूर्वीचा नकाशा होता. माझाच. खाली माझी सही, बाजूला माझ्याच अक्षरात लिहिलेली उंची: नऊ फूट चार इंच. म्हणजे चार वर्षांत दगडांचा एक ढीग जवळजवळ पाच फूट वाढला होता. पीक वाढतं, कर्ज वाढतं, पोट वाढतं. दगड वाढल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मागं ओव्हरसियर व्यंकटराव उभे होते. रस्त्याच्या कामावरचे. माणूस वाईट नव्हता, पण तोंडाचा फटकळ. ते म्हणाले, "महालिंगप्पा, तुमचं मढं लई खातंय वाटतं."

मी नकाशा घडी करून पिशवीत टाकला. 

तेव्हा निजामाचं राज्य होतं, तिकडं युद्ध चालू होतं, आणि मी पुराणवस्तू खात्यात नक्शानवीस होतो. नक्शानवीस म्हणजे जुन्या जागा मोजायच्या आणि कागदावर उतरवायच्या. लेव्हल म्हणजे तिपाईवरची दुर्बीण, स्टाफ म्हणजे फूट-इंच रंगवलेली लांब काठी. ती दोन्ही, एक साखळी आणि एक शिपाई घेऊन मी जिल्हाभर फिरायचो. मूळचा बेंबळीचा असल्यामुळं हा भाग माझ्याकडंच होता. आणि हा ढीग तर बेंबळीपासून चालत दीड तासावर, माळावर. लहानपणी गुरांमागं मी तिथून कितीदा गेलो असेन.

अशा ढिगाला आमच्या खात्यात केर्न म्हणत. माणूस पुरायचा आणि वर दगड रचायचे. आपल्याकडं असे ढीग सापडतात ते बहुतेक लोखंड वापरणाऱ्या लोकांचे. हा मात्र त्याहून जुना असावा, असं आमच्या बशीरसाहेबांचं मत होतं. साहेब हैदराबादेत बसत, आमच्या विभागाचे मोठे अधिकारी. त्यांचं म्हणणं असं, की या माळाच्या आसपास लोखंडाचा कण सापडत नाही, पण घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी शेतात नांगराला लागतात. आमच्या बेंबळीत महादेवाच्या पाराशी तसल्या सात-आठ कुऱ्हाडी ओळीनं मांडलेल्या होत्या. लोक त्यांना वीज पडून झालेले दगड समजत आणि पाणी घालत. साहेबांनी त्या बघितल्या आणि अर्धा तास तिथंच उकिडवे बसून राहिले. माणूस शेती करायला, गुरं राखायला शिकला, पण लोखंड अजून ठाऊक नव्हतं, त्या काळाला नवाश्मयुग म्हणतात. त्या काळातल्या माणसांनी आपल्या मेलेल्यांसाठी दगड रचले असतील, तर ती गोष्ट फार मोठी होती. म्हणून साहेबांनी ढीग संरक्षित यादीत घातला आणि चार वर्षांपूर्वी मला मोजायला आणि बोर्ड लावायला पाठवलं.

बोर्ड मी लावला. लोखंडी खांब, पांढरा पत्रा, वर उर्दू, खाली मराठी: या दगडांना हात लावणारास शिक्षा होईल.

आता त्याच माळावरून कळंबकडं रस्ता निघत होता. ढिगाच्या अलीकडं वडारांची पालं पडली होती, खडी फोडायला. दगड जागेवर रचलेला तयार मिळत असेल तर लांबून आणायचा कशाला? व्यंकटरावांनी रीतसर वर लिहिलं होतं, की हा ढीग प्राचीन वगैरे काही नाही, शेतातले दगड वेचून लोक आजही इथं टाकतात, दरवर्षी तो वाढतो. साहेबांनी मला तारेनं कळवलं: मोजून ठेव, परवा येतो, यादीत ठेवायचा की काढायचा ते तिथंच ठरवू.

यादीतून काढला असता तर आठ दिवसांत त्याची खडी झाली असती.

आणि माझं माप व्यंकटरावांच्या बाजूनं साक्ष देत होतं.

दुपारी मी शिपायाला तिथंच बसवलं आणि दगड कोण टाकतंय ते शोधायला निघालो. फार शोधावं लागलं नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला धनगरांचा वाडा बसलेला होता. वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. जाळीचं कुंपण, चार पालं, दोन घोडी. सुगी संपली की ही मंडळी भूमकडून इकडं उतरत. शेतकरी त्यांना रानात बसवून घेत, खतासाठी.

पालापुढं एक म्हातारी लोकर पिंजत बसली होती. ठकूमाय. त्या वाड्यातलं सगळ्यात जुनं माणूस, आणि तिथं चालायचं तिचंच. मी तावातावानं गेलो होतो. विचारलं, माळावरच्या ढिगावर दगड कोण टाकतं?

"टाकतं कोण? ठिवतो," ती म्हणाली. "आमी ठिवतो."

मी म्हटलं, माय, तिथं सरकारचा बोर्ड आहे, दिसला नाही का?

"दिसला की. वाचतंय कोण? पर सरकारनं येवढा खांब रवला म्हंजी जागा सताची हाय, हे कळतंय. आदी आमीच ठिवायचो. तुमचा खांब आला आन् समदं रान ठिवाय लागलं. बाजारला जाणारं बी ठिवतंय."

मी तिच्यापुढंच बसलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ढीग वाढवला होता माझ्या बोर्डानं. दगड कुणी नेला नव्हता, एकही नाही. त्याबाबतीत बोर्डाची चोख अंमलबजावणी झाली होती. आणायला मात्र कुठं मनाई होती?

मग तिनं रीत सांगितली. धनगर वाटेवरचा माणूस. मरण वाटेत येतं. जिथं माणूस गेला तिथंच माती द्यायची आणि मेंढरं पुढं न्यायची, कारण मेंढरं थांबत नाहीत. मग त्या माणसाच्या नावाचा एक दगड या ढिगावर आणून ठेवायचा. नाल्यातला, गुळगुळीत, भंडारा लावून. दगड ठेवला की माणूस जागेला लागला. तो दगड परत उचलला, तर माणूस परत वाटेला लागतो. तिच्या आजीच्या आजीचा दगडही तिथंच होता.

"माझ्या किसनाचा वर हाय," ती म्हणाली. "दोन साल झाली. परांड्याच्या अंगाला गेला. तापानं. म्या इथवर पदरात आणला दगड."

किसन तिचा थोरला.

आमच्यात माणूस जाळत नाहीत. आम्ही लिंगायत, बसवून पुरतो. माझ्या वडिलांची समाधी बेंबळीत मळ्याच्या कडेला आहे. तिच्यावरचा दगड कुणी खडीला नेला तर मी काय करीन, हे मला तिथं बसल्याबसल्या कळलं. म्हणून तिच्याशी खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. बोर्ड मी लावला, त्यामुळं ढीग वाढला, वाढला म्हणून तो जुना नाही असं ठरतंय, आणि तसं ठरलं तर तो फोडणार.

ती पिंजायची थांबली. "मग माझा बी फुटंल?"

"फुटंल, माय."

तिनं लोकर बाजूला सारली. मग म्हणाली, तुमचा साहेब येऊ द्या, म्या बोलते.

बशीरसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यातून उतरले. पेट्रोल मिळत नव्हतं. उंच, सडसडीत, साठीकडं झुकलेले. बोलणं दख्खनी, मराठी समजायची पण बोलताना अडखळायचे. मी कागद पुढं केला. चौदा फूट दोन इंच वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घालून बोर्डाची सगळी कथा सांगितली. वाटलं, नोकरी गेली. साहेब एवढंच म्हणाले, "बोर्ड का मजमून मैं लिख्या था, मियाँ. तुम तो खाली खांब गाड्या."

म्हणजे मजकूर त्यांचा, मी नुसता खांब रोवणारा. ही पहिली गोष्ट, जिच्यासाठी मी त्या माणसाचा जन्मभर ऋणी आहे. चूक वाटून घेणारा साहेब मला पुढं परत भेटला नाही.

पण अडचण तशीच होती. व्यंकटरावांचं म्हणणं अगदी सरळ होतं आणि ते खोडता येत नव्हतं. वरचे दगड नवे आहेत हे तुम्हीच सांगता. खाली जुनं काही आहे याला पुरावा काय? पुरावा दाखवायचा तर वरचे दगड काढायला हवेत. कायदा म्हणत होता, संरक्षित ढिगाला हात लावायचा नाही. तो अडथळा साहेबांच्या सहीनं दूर झाला असता. दुसरा होता तो कुणाच्या सहीनं होणार नव्हता.

धनगर येऊन बसले होते. वीसेक माणसं, बायका धरून. आपले दगड खडीला जाणार हे त्यांना कळलं होतं, पण उचलायला कुणी तयार होईना. एक जण स्पष्ट म्हणाला, फुटला तर पाप सरकारचं, उचलला तर आमचं. ठकूमायनं ऐकून घेतलं आणि साहेबांना विचारलं, किती दिवसांनी फुटंल? साहेबांनी आठ बोटं दाखवली.

ती उठली. म्हणाली, "दगड भुईला लागला की माणूस वाटंला लागतंय. भुईला लावायचाच न्हाय. ह्या हातातनं त्या हातात. नव्या जागंपतूर."

 असं पूर्वी झालेलं नव्हतं. नियम तर मोडत नव्हता, पण नवा होता. साहेबांना मी उलगडून सांगितलं. ते हसले. "इनका कायदा बोलता जमीन कू नक्को लगाव, हमारा बोलता बिगर परवानगी हात नक्को लगाव. परवानगी मैं देतूं." त्यांनी टांग्याच्या पायरीवर कागद ठेवून तिथंच लिहून दिलं.

नवी जागा ढिगापासून चाळीस पावलांवर, रस्त्याच्या उलट अंगाला, तिनंच दाखवली. वीस माणसांत रांग पुरेना. बेंबळीची बाजारला निघालेली काही मंडळी थांबली. त्यांनीही दगड ठेवलेले होतेच. दोन वडार कुदळी टाकून आले. शिपाई उभा राहिला. मी रांगेच्या शेवटी, दगड ठेवायला. माझ्या अलीकडं साहेब, शेरवानीच्या बाह्या वर करून.

तरी पहिला दगड कोण काढणार, हा प्रश्न होताच. सगळे ढिगाकडं तोंड करून उभे. मग ठकूमाय चढली. सत्तरीची बाई, दोन्ही हात टेकत चढली. वर जाऊन थोडा वेळ बसली. मग तिनं एक दगड उचलला, नारळापेक्षा थोडा मोठा, आणि खालच्या माणसाच्या हातात दिला.

"किसन हाय," ती म्हणाली. "सांभाळून."

त्यानं पुढच्याला देताना तेच म्हटलं. किसन हाय, सांभाळून. दगड तसा रांगेतून येत राहिला, प्रत्येकाच्या तोंडी तेच. वडारानं म्हटलं. शिपायानं म्हटलं. साहेबांनी माझ्या हातात दिला तेव्हा तेही म्हणाले. मी ठेवला. डोळ्यांपुढं नीट दिसत नव्हतं, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

मग काम सुरू झालं ते दोन दिवस चाललं. ज्याचा त्यानं काढायचा, नाव सांगायचं, पुढं द्यायचा. धनगरांना आपापले दगड कसे ओळखू येत देव जाणे, पण येत. कुणाचेच नाहीत असे निघाले, वाटसरूंचे, तेव्हा रांगेतून विचारणा झाली, हा कुणाचा? ठकूमाय म्हणाली, ज्याचं कुणी न्हाय त्याचे समदे. तेव्हापासून तसे दगड आले की रांग म्हणायची, समद्यांचा हाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुळगुळीत दगड संपले. त्याखाली लागले ते वेगळेच. काळे, कोनांचे, टेकाडावरून फोडून आणलेले. साहेबांनी मला बोलावलं आणि एक न हलवता नुसता कलता करून दाखवला. खालच्या अंगाला पांढरं, कठीण पुट होतं. जमिनीतला चुना पाण्याबरोबर वर येऊन दगडाला धरतो; इतका जाड धरायला माणसांच्या कितीतरी पिढ्या लागतात. नाल्यातल्या एकाही दगडाला तसं पुट नव्हतं.

पण व्यंकटरावांना पटलं ते त्यानं नाही. कडेला घसरलेले दगड निघाले, तशी ढिगाच्या पायाशी मोठ्या धोंड्यांची एक रांग उघडी पडली. ती वळत गेली, वळत गेली आणि पुरी गोल झाली. चार वर्षांपूर्वी मी याच ढिगाभोवती साखळी फिरवली होती आणि मला ते वर्तुळ दिसलं नव्हतं, कारण ते आधीपासूनच झाकलेलं होतं. व्यंकटराव त्याच्या बाहेरून एक फेरी चालले. दुसरी चालले. मग म्हणाले, "शेत साफ करणारा माणूस दगड असे मांडत नसतो, महालिंगप्पा. हे कुणीतरी जीव लावून केलंय."

दोन धोंड्यांच्या फटीत एक दगडी कुऱ्हाड होती, आमच्या पाराशी असतात तशीच. तिच्याजवळ मातीत हातानं घडवलेल्या, चाकावर न केलेल्या राखाडी मडक्याचा काठ दिसत होता. त्या काळी लहान मूल गेलं तर मडक्यात घालून पुरत, असं साहेबांनी सांगितलं. मी ब्रश काढला. ठकूमायनं विचारलं, त्यात काय असंल? साहेब म्हणाले, कदाचित बच्चा. ती म्हणाली, मग झाका. आणि साहेबांनी, ज्यांनी अख्खं आयुष्य असा काठ शोधण्यात घालवलं होतं, माझ्या हातातला ब्रश काढून घेतला. मी जागा नकाशावर उतरवली, कुऱ्हाड होती तिथंच ठेवली, आम्ही माती सारली.

मग साहेब तिला म्हणाले, मेलेले इथं, पण ही माणसं राहत कुठं असतील? चार वर्षांपूर्वी आम्ही ओढ्याकाठ शोधला होता, काही मिळालं नव्हतं. ठकूमायनं त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू त्यांनी मेंढराला शिंगं कुठं असतात ते विचारलंय.

"ओढ्याकाठी वाडा बसवतंय व्हय कुणी? वल्या जागंत खुरं सडत्यात. उंचावर बी न्हाय, वारं लागतंय. तिथं." तिनं उताराच्या मधल्या टप्प्याकडं बोट केलं, जिथं आम्ही साखळीसुद्धा टाकली नव्हती.

खुरप्यानं वीतभर उकरलं. भुरी, मऊ माती लागली. राख. शेणाची, वर्षानुवर्षं जाळलेली. त्यात कुऱ्हाडी घडवताना उडालेल्या दगडाच्या ढलप्या आणि जात्याच्या आधीचा एक पाटा, दाणे रगडून मधोमध खोलगट झालेला. गुरं बांधायची, शेण साठलं की जाळायचं, बाजूला थोडं कुळीथ-धान्य पेरायचं, आणि आपलं माणूस गेलं की गोठ्यापासून नजरेच्या टप्प्यात, वरच्या अंगाला ठेवायचं. एवढं सगळं त्या वीतभर खड्ड्यानं सांगितलं. सांगितलं म्हणजे, बोट दाखवलं म्हातारीनं. पुढं विद्वानांत त्या ढिगाच्या काळावरून पुष्कळ वाद झाले, अजूनही चालू असतील. पण राहण्याची जागा कुठली यावर वाद झाला नाही.

संध्याकाळी मी लेव्हल लावली. ढिगाची उंची सात फूट एक इंच.

म्हणजे माझं पहिलं, नऊ फूट चार इंचाचं माप, ज्याच्या भरवशावर मी दोन दिवस घाम गाळत होतो, तेही चुकीचं होतं. त्यात सव्वादोन फूट धनगरांची माणसं होती. मी ती मोजून, सही करून, हैदराबादला पाठवली होती. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, यंत्र बराबर था, पूछना रह गया.

ढीग यादीत राहिला. व्यंकटरावांनी रस्त्याला थोडं वळण दिलं आणि वडारांना टेकडीपलीकडच्या खाणीवर हलवलं. वळणाबद्दल वरून झालेली विचारणा त्यांनी एकट्यानं निस्तरली, मला कधी बोलून दाखवलं नाही. बोर्डावरचा मजकूर साहेब बदलणार होते. ठकूमाय म्हणाली, नका. वाचणारं कुणी न्हाय, नवा दगड नव्या ढिगावरच, हे म्या सांगते समद्यांना. तिनं सांगितलं आणि तेवढ्यानं भागलं.

निघताना मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, आता पुन्यांदा हलवू नका म्हंजी झालं.

पुढं राज्य गेलं, खातं बदललं, मी नक्शानवीसचा सर्व्हेयर झालो. बदली होईपर्यंत दर दोन वर्षांनी मी त्या माळावर गेलो. जुना ढीग दर वेळी सात फूट एक इंच भरला. नोकरीत मी शिकलो ते एवढंच, की यंत्र लावण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं; आणि तेही मला तिथल्या माणसानंच शिकवलं.

चाळीस पावलांवरचा दुसरा ढीग कुठल्याही यादीत नाही. तो दर खेपेला मोठा दिसायचा. मी जाताना नाल्यातून एक दगड न्यायचो, ठेवायचो, आणि लेव्हल पेटीतच ठेवून परत यायचो.